नोकरी सोडू नका

घरच्या ग्रुपवर बाबांचा मेसेज आला, ‘बसू गेला.’ मी हैदराबादला ऑफिसात होते. समोर मीटिंग चालू होती आणि माझा कॅमेरा नेहमीप्रमाणे बंद होता. टेबलाखाली फोन धरून मी लिहिलं, ‘कुठं?’ बसूअण्णा सतत कुठंतरी गेलेलाच असायचा. सरकारी बसवर कंडक्टर होता, आज अफजलपूर, उद्या हुलसूर. आणि सुट्ट्या साठल्या की गोव्याला, पोकर खेळायला. माझ्या ‘कुठं?’ला कुणी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं वहिनीचा, अण्णाच्या बायकोचा फोन आला. मी फोन उचलत नाही, मला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि म्हणून कुणी मला फोन करत नाही. तो वाजत राहिला तेव्हाच मला कळलं... तो ‘कुठं?’ अजून तिथंच आहे. पुसला तर पुसल्याची खूण राहील, आणि ती जास्त वाईट दिसेल.

बसवराज माझ्या मोठ्या काकांचा मुलगा, माझ्याहून बराच मोठा. मला तो ‘तंगी’ म्हणायचा. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण. पुण्याकडचे पाहुणे आले की हसायचे, “एवढी गुणाची पोर आणि तिला तंगी कामून म्हणायलास?” असं आमच्याच बोलीची नक्कल करत विचारायचे. तो म्हणायचा, “आमच्याकडं एवढी एकच तंगी हाय. बाकी समदं भरपूर.” मी बसवकल्याणच्या इंग्रजी शाळेत शिकले, पुढं कलबुर्गीला कॉलेज केलं. त्याला मराठी, कन्नड, दखनी तिन्ही यायच्या, प्रवाशाचं तोंड बघून तो भाषा बदलायचा. इंग्रजी मात्र येत नव्हतं. आणि पोकर शिकायचं म्हणजे सगळं इंग्रजीत. त्यामुळे आमची दोघांची खरी ओळख झाली ती पत्त्यांमुळे, म्हणजे माझ्या इंग्रजीमुळे.

आमच्याकडं पत्त्यांना ‘इस्पीट’ म्हणतात, आणि तो शब्द घरात नीट तोंडानं कुणी उच्चारत नाही. वहिनी म्हणायची, “लोकांचे नवरे दारू पितात, माझा इस्पीट पितो.” अण्णा चिडायचा. “इस्पीट न्हाई गं, पोकर हाय. डोक्याचा खेळ हाय.” हातात दोन पत्ते, मध्ये सगळ्यांचे पाच, आणि समोरच्याकडं काय आहे ह्याचा अंदाज, एवढं मलाही कळलं होतं. मी त्याला इंग्रजी व्हिडिओ ऐकून सांगायची, तो ते आमच्या भाषेत आणायचा. पत्ते टाकून डावातून बाहेर पडायचं, त्याला तो ‘बिडु’ म्हणायचा, कन्नडमधला ‘सोडून दे’. आणि पुढ्यातलं सगळं एकदम लावायचं, ते ‘रैट’. कंडक्टर बस सोडताना ओरडतो ना, तसं. “रैट म्हटलं की गाडी हलली, तंगी. मंग कुणाचा बाप जरी मागनं पळत आला तरी थांबायचं न्हाई.”

तो चांगला खेळायचा का, हे मला आजही माहीत नाही. त्यालाही माहीत नव्हतं, आणि नेमकं तेच त्याला जाणून घ्यायचं होतं. रात्रीचा मुक्काम एखाद्या गावात करून तो सकाळच्या फेऱ्या संपवून दुपारी घरी यायचा. बाकीचे कंडक्टर अशा दुपारी झोपतात. हा जेवून आतल्या खोलीत जायचा आणि फोनवर डाव मांडायचा. संध्याकाळी वहिनीनं उठवायच्या आधी तासभर लागली डुलकी तर लागली. मला वाटायचं, माणसाला काहीतरी आपलं हवं. दिवसभर दुसऱ्यांना त्यांच्या गावी पोचवणाऱ्याला तर हवंच. मी त्याला कधी ‘झोप’ म्हटलं नाही. उलट सुट्टीत घरी आले की नवे व्हिडिओ शोधून आणायची. ह्या घरात कुणी माझी वाट बघतं, माझ्याशिवाय कुणाचं तरी अडतं, हे मला फार आवडायचं... इतकं की त्याचे डोळे लाल असायचे ते मी पाहत होते, आणि तरी पाहत नव्हते.

एकदा मी त्याच्याच बसनं मंठाळला निघाले होते. बायकांना तिकीट मोफत झाल्यापासून बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि मोफत असलं तरी प्रत्येकीला शून्य रुपयांचं तिकीट फाडून द्यावंच लागतं. एका म्हातारीचं आधार कार्ड उमरग्याचं निघालं, म्हणजे महाराष्ट्राचं, आणि मोफत फक्त कर्नाटकातल्या बायकांना. तिला पैसे भरायला सांगितले तर ती भडकली.

“आरं, माझं माह्यार मंठाळचं हाय की! माह्यारला जायला पैसे मागायलास?”

“माह्यार कर्नाटकातलं, आधार महाराष्ट्राचं. मशिनीला माह्यार कळत न्हाई, आज्जी.”

सगळी बस हसली. म्हातारीही हसली आणि पैसे काढले. त्यानंतर थोड्याच वेळात मी पाहिलं, अण्णा मधल्या खांबाला टेकून उभ्याउभ्या झोपला होता. तिकिटाचं मशीन पोटाशी, ओठ किंचित उघडे. एक बाई ओरडली, “ओ कंडक्टर, माझं गाव मागं गेलं की!” तो दचकला, शिट्टी मारली, बाईवरच खेकसला. एरवी तो असा नव्हता. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मी खिडकीबाहेर पाहायला लागले. त्यानंच मला सांगितलं होतं, तपासनीस चढला की ज्याच्याकडं तिकीट नसतं तो माणूस खिडकीबाहेर बघतो.

आता मथळ्यातलं ते वाक्य. कॉलेजच्या शेवटच्या वर्षात मी दिवाळीला घरी आले होते. अण्णा त्या दिवसांत ‘सोडतो नोकरी’ म्हणत होता, म्हणजे पूर्ण वेळ पोकरच. वहिनी रडून दमली होती. बाबा त्याच्याशी बोलत नव्हते. अण्णानं एक तोड काढली. बाहेरच्या देशांतले खेळाडू इंटरनेटवर जिथं डावांवर चर्चा करतात तिथं आपला एक डाव टाकायचा, सोबत विचारायचं की मी कंडक्टर आहे, असा असा खेळतो, पूर्ण वेळ खेळावं का? इंग्रजी अर्थातच माझं. दोन दिवसांनी एकाच माणसाचं उत्तर आलं. एकच ओळ. ‘डोन्ट क्विट युअर डे जॉब.’

हे इंग्रजी वाक्य सल्ला नसतो. तो टोमणा असतो. कुणी बेसूर गायलं की आमच्या शाळेतल्या मुली हेच म्हणायच्या आणि खिदळायच्या. त्याचा अर्थ, हे काही तुझ्यानं व्हायचं नाही. अण्णा माझ्यासमोर मांडी घालून बसला होता, हातात बशी, बशीत चहा. “काय म्हणायलाय?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, “म्हणतायत, नोकरी सोडू नका.”

शब्दाला शब्द बरोबर होतं. अण्णानं बशी खाली ठेवली. मग म्हणाला, “बघ तंगी. वळख न्हाई, पाळख न्हाई. तिकडं कुठं बसून आपल्या संसाराची काळजी करायलाय माणूस...” त्याचे डोळे भरून आले होते. मी ते पान बंद केलं.

नोकरी राहिली. घरात आनंद झाला, बाबा बोलायला लागले. पण पत्तेही राहिले, कारण त्या माणसानं पत्ते सोडा असं कुठं म्हटलं होतं? अण्णानं त्याला गुरूच करून टाकलं. “आमच्या गुरूंनी सांगितलंय, दोन्ही सांभाळायचं,” असं तो डेपोत सांगायचा. त्याच्या गाडीवरचे ड्रायव्हर गफूरभाई त्याला म्हणाले होते, “बसू, गुरू कू नींद का बी पूछ लेना था रे.” हा किस्सा अण्णानंच मला हसतहसत सांगितला. मीही हसले. पुढं कायदा आला आणि फोनवरचे पैशांचे डाव बंद झाले. मला वाटलं, सुटलो. पण तो सुट्ट्या साठवून गोव्याला जायला लागला. जाताना रात्रभर बस, तिथं दिवसभर खेळ, येताना रात्रभर बस, आणि उतरला की ड्यूटीवर, पुन्हा बसच. शेवटच्या वेळी गोव्याहून आल्यावर त्यानं दोन दिवस फेऱ्या केल्या, तिसऱ्या दुपारी घरी येऊन आडवा झाला, तो उठला नाही. डॉक्टर म्हणाले हृदय, असं कुणालाही होतं. मी ते वाक्य रोज स्वतःला म्हणून बघते. कधी पटतं, बहुतेकदा पटत नाही.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात. विभूती लावून, हार घालून त्याला भिंतीशी बसवलं होतं, लोक येऊन पाया पडत होते. दिवसभर उभा राहणारा, उभ्यानं झोपणारा माणूस... मला सारखं वाटत होतं, ह्याला आता तरी आडवं होऊ द्या. बायका म्हणत होत्या, “इस्पीटानं खाल्लं.” मी भिंतीकडं तोंड करून बसले होते.

काही दिवसांनी वहिनीचा मेसेज आला. अण्णाच्या जागी डेपोच्या कार्यालयात तिला काम मिळेल असं दिसतंय. ‘ताई, त्या बाहेरदेशच्या माणसाला इंग्रजीत लिव्ह. त्येचं ऐकून ह्येंनी नोकरी सोडली न्हाई, म्हणून आज लेकरांच्या ताटात भाकर हाय. ह्ये गेले म्हणून बी सांग.’ मला लिहायला सोपं जातं, असं मी वर म्हटलं. ह्या मेसेजला मी अनेक दिवस उत्तर देऊ शकले नाही.

शेवटी गेल्या रविवारी घरी गेले. दुपारची जेवणं झाली होती. वहिनी स्वयंपाकघरात खाली बसून तूरडाळ निवडत होती, संध्याकाळसाठी कुकर चढवलेला होता. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. तो सल्ला नव्हता, टोमणा होता. मला तेव्हाच कळला होता.

तिचा हात डाळीत थांबला. “हसला व्हता व्हय त्यो?”

“हो.”

“आन तू ह्येंना सांगितली न्हाईस. कामून?”

ती डाळीकडं बघत राहिली. “सांगितली असतीस तर पत्ते सुटले असते,” ती म्हणाली. मग, “...न्हाईतर नोकरी सुटली असती. लई हट्टी व्हते. कुणी हसलं की मुद्दाम करायचे.” तिनं एक खडा काढून बाजूला ठेवला. “बरं केलीस का वाईट केलीस, मला कळंना गेलंय बाई. तू मला इचारू नकोस.” मी विचारलं नव्हतं. पण तेच विचारायला आले होते, हे तिला कळलं होतं. मी म्हटलं, पेपरासाठी अण्णावर लिहितेय, ह्यातलं काही लिहिणार नाही. “लिव्ह,” ती म्हणाली. “समदं लिव्ह. त्या माणसाला काय लिवू नकोस.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, हे सगळं आम्ही कुजबुजत बोलत होतो. त्या घरात दुपारी कुणी मोठ्यानं बोलत नाही. वर्षानुवर्षांची सवय आहे. पोरं अंगणात खेळतात, भांडं जपून ठेवतात, टीव्ही लागत नाही. अण्णा आत एक तर झोपलेला असायचा, नाहीतर खेळत.

कुकरची शिट्टी थरथरायला लागली. वहिनी डाळीचं ताट सरकवून झटकन उठली, शिट्टी व्हायच्या आत गॅस बारीक केला, आणि आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. दार तिनं लोटून ठेवलेलंच होतं.