बर्फाच्या कप्प्यातली पेनं

हे मी मुलाला सांगितलं नाही, सुनेला नाही. चौथी शिकलेली बाई, लिहायला वेळ लागतो — पण तोंडाने सांगायची छाती नाही.

भरे गावात आमचं घर. वरच्या खोलीत माधुरी भाड्याने राहते. लातूरची, नवरा-बायको दोघंही कंपनीत. मूल हवंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी वजन उतरवा, मग उपचार. माधुरीचं वय अडतीस. तिला आठवड्याला टोचायची इंजेक्शनं दिली, पेनासारखी. तिचा फ्रिज बिघडलेला, म्हणून तीन महिन्यांची डबी माझ्याकडे ठेवली. बर्फाच्या कप्प्यात नको, गोठलं की औषध वाया जातं, असंही बजावलं होतं. मी ऐकलं होतं — आता खोटं कशाला?

जत्रेला पाहुणे आले. मटणाचं पातेलं फ्रिजमध्ये बसेना. मी ती डबी उचलून बर्फात कोंबली. दुसऱ्या दिवशी काढली तर आतलं औषध गोठलेलं. खिडकीत ठेवलं, वितळलं, पुन्हा जागेवर ठेवलं. दिसायला तसंच. मग कशाला बोलायचं?

माधुरी अर्धी भाकरी खायची, रोज चालायची. काटा हलेना. सून म्हणाली, "सुया टोचून बी ताई बाळसंच धरत्यात." हसले मीही.

मग डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं, औषध नीट ठेवलं होतं ना? माधुरीने माझ्याकडे बघितलं.

"व्हय. जागचं हाललं बी न्हाई," मी म्हणाले.

भीती वाटली, बस. त्यांनी ठरवलं, हे हिला लागू पडत नाही, दुसरं देऊ. आता माधुरी मला दोन्हींतला फरक समजावते — पहिलं नुसतं पाणी होतं आजी, खरं औषध हे. वजन उतरतंय, पण पोटात अन्न ठरत नाही. सकाळी वरून ओकाऱ्यांचा आवाज येतो आणि मी चुलीत लाकूड सारते. पहिलं सोसलं असतं का तिला? कोण सांगणार? ते तिने धड घेतलंच नाही — घेतलं ते मी नासवलेलं. महिने गेले, आणि तिच्याकडे महिनेच कमी आहेत.

काल ती धाकट्या बहिणीला — तिलाही वजन उतरवायचंय — फोनवर सांगत होती, पहिलं अजिबात घेऊ नकोस, मी घेऊन बघितलंय. मी शेजारी बसून तांदूळ निवडत होते. तांदूळ निवडत राहिले.