उधाणाला पाणी कुठवर येतं

आमच्यात घर बघायला गेलं की हॉल केवढा, किचन कसं, हे सगळं नंतर. आधी विचारायचं, उधाणाला पाणी कुठवर येतं? माझ्या लग्नाच्या वेळी सासरे आमचं घर बघायला आले, ते चहाला बसायच्या आधी मागच्या भिंतीपाशी गेले. तिथे पाण्याची जुनी रेघ होती. ती त्यांनी बोटाने चाचपली आणि मगच खुर्चीत टेकले. मुलगा काय करतो, हे अगदी शेवटी विचारलं. वागळे इस्टेटच्या कारखान्यात पंप बनवतो म्हटल्यावर हसले. "चांगला हाय. पानी आला त उपसशील तरी," म्हणाले.

त्या घरात मी आता एकटा राहतो. ठाण्यात, बाळकुमच्या बाजूला, खाडीला लागून. बायको बाजारात मासळी विकायची, तिला जाऊन काही वर्षं झाली. भोवती टॉवर उभे राहिलेत. आम्ही ज्याला खाडीचा वास म्हणायचो त्याला ते क्रीक व्ह्यू म्हणतात, आणि खिडक्या घट्ट लावून बघत बसतात. त्यांचं त्यांना लखलाभ.

मुलगी एकच. ती, जावई आणि सहा वर्षांची नात नेदरलँड्सला असतात. जावई मूळचा डोंबिवलीचा. जाताना पाच वर्षांत येतो म्हणालेली. पाच कधीच उलटली, पण ती माणसं भाड्याच्या घरात राहत होती आणि माझी सगळी आशा त्या भाड्याच्या घरावर होती. भाड्याच्या घरात माणूस खिळासुद्धा विचार करून ठोकतो. ती परत येणार, हे मी इतकं धरून चाललेलो की समोरच्या टॉवरमध्ये सॅम्पल फ्लॅट बघून आलो होतो. इस्त्रीचा शर्ट घालून, एकटाच. तिथल्या मुलीने विचारलं, "अंकल, फॅमिली नाही आली?" मी म्हटलं, येणार आहे. सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून आमच्या घराचे पत्रे दिसतात, हेही बघून ठेवलं.

मग एका रविवारी संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, घर मिळालंय! म्हणजे, घ्यायचं चाललंय. काल बघायला गेलेलो. थांब, शूट केलंय, दाखवते."

दाखवलं. विटांची एका ओळीतली घरं, पुढे हातभर बाग, मागे सायकली ठेवायला लाकडी खोली. रस्त्यावर गाडी शिरत नाही, पोरं मधोमध सायकली फिरवतायत. शाळा चालत जाण्याएवढी. खिडक्या एवढ्या मोठ्या, आणि एकीलाही पडदा नाही. झाडं तर इतकी की मला वाटलं, ही घर घेतेय की राणीचा बाग. मी सगळ्याला छान छान म्हणत होतो. छान होतंच ते. आतून माझं काय होत होतं ते मला कळत नव्हतं, किंवा कळत होतं आणि बघायचं नव्हतं.

मग घरामागे पाणी दिसलं. सरळ रेषेत कापलेला कालवा, त्यात बदकं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "उधाणाला पाणी कुठवर येतं?"

ती हसली. "बाबा, येत नाही इथे पाणी. उलट हा सगळा एरियाच समुद्राच्या लेव्हलच्या खाली आहे. आधी समुद्रच होता. बांध घालून पाणी बाहेर काढलंय. पंप चालू असतात ना, चोवीस तास."

"आणि पंप बंद पडला तर?"

खरं सांगतो, मी सवयीने विचारलं. अख्खी नोकरी पंपांत गेली, दुसरं काय सुचणार? पण तिचं हसणं थांबलं. ती दुसरीत असताना उधाण आणि पाऊस एकाच दिवशी आलेले. पाणी घरात शिरलं तेव्हा मी तिला उचलून पोटमाळ्यावर बसवलं होतं. तिथून तिने आपलं दप्तर तरंगत दाराबाहेर जाताना पाहिलं. पुढे कितीतरी वर्षं झोपायच्या आधी ती विचारायची, "बाबा, आज पाणी येणार का?" मी नाही म्हटलं की झोपायची. पंचांग बघून सांगायचो मी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, एवढं आमच्यात सगळ्यांना येतं.

आताही तिने तसंच विचारलं. "बाबा, तू सांग मग. आम्हाला मंगळवारपर्यंत कळवायचंय. तुला पंपांतलं कळतं, पाण्यातलं कळतं. तू नको म्हणालास तर नाही घेणार." मागे कुठेतरी जावई खाकरला.

फोन ठेवला आणि मी तसाच बसून राहिलो. माझ्या एका शब्दावर पोरगी परत येणार की तिथलीच होणार, हे ठरणार होतं. आणि 'नको' हा शब्द खोटाही वाटला नसता.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोंबिवलीहून व्याह्यांचा फोन. हे निवृत्त शिक्षक. बोलणं शुद्ध, स्वभाव त्याहून शुद्ध. बायको गुडघ्यांनी बेजार, दोघंच असतात. मला वाटलं, पेढ्यांची भाषा करणार. तर आवाज खाली आणून म्हणतात, "तुमच्यावर अडलंय म्हणे सगळं."

"हो, विचारलंय मला."

"माझं तो ऐकायचा नाही. मी काही म्हणालो की, तुम्हाला इथलं कळत नाही, म्हणतो. तुमचं ऐकतील. पाण्याचं कारण आहे ना तुमच्याकडे? तेवढं जरा ताणून धरा." मग आतलं दार लोटल्याचा आवाज आला. "हिला वाटतं, या दिवाळीला कायमचे येतील. मी काय सांगू तिला?"

या माणसाने जन्मभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं असेल. मला त्यांचा राग यायला हवा होता. राग आला नाही. उलट जवळचे वाटले. आपल्यासारखं आणखी कोणीतरी तिकडे कल्याणच्या अलीकडे फोन धरून बसलंय, याचं बरंच वाटलं. "बघतो," म्हणालो.

संध्याकाळी खाडीवर गेलो. ओहोटी होती. चिखल उघडा पडलेला, त्यात एक होडी कलंडून पडलेली. आमच्या बायकोला कोणी दूर गेलं की म्हणायची सवय होती, गेलेला पानी येतोच. मुलगी विमानात बसली त्या दिवशीही तेच म्हणाली आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

तिथे उभा राहून मी नकाराची तालीम केली. पोरी, पंप हे यंत्र आहे. यंत्राचा भरवसा नसतो. मी इतकी वर्षं तेच बघितलं. ऐकायला झकास वाटत होतं. पण मनात दुसरा एक माणूस बसलेला, वागळे इस्टेटचा. तो म्हणत होता, अरे, आपल्या साध्या ऑर्डरीतसुद्धा एका पंपाबरोबर दुसरा जोडीला जायचा. समुद्र हटवून त्यात शाळा बांधणारी माणसं एका पंपावर झोपत असतील का? मला पाण्याची भीती नव्हतीच. माझी भीती दुसरी होती आणि ती लपवायला पाणी आयतं मिळालेलं. पुन्हा त्या दुसरीतल्या पोरीला पोटमाळ्यावर चढवून, खाली पाणी आहे असं खोटंच सांगायचं आणि बसवून ठेवायचं, एवढंच मी करणार होतो.

मंगळवारी दुपारी कॉल आला तो नातीचा. तिकडे सकाळ, शाळेच्या आधी तिघं सायकलवरून पुन्हा त्या घरापाशी गेलेले. नात कालव्याच्या काठावर बसलेली. आमचा एक नेहमीचा खेळ आहे, तो तिने सुरू केला.

"आजोबा, तुझं पाणी आत आहे की बाहेर?"

"बाहेर चाललंय."

"परत कधी येणार?"

"रात्री. तू शाळेतून घरी आलीस की मग इथे येईल."

तिने फोन वळवून कालवा दाखवला. बदकं होती तिथेच होती. "आणि माझं पाणी कधी जाणार?"

"तुझं पाणी कुठे जात नाही गं. तिथेच राहतं."

"नेहमी?"

"नेहमी," मी म्हटलं. ती खूश झाली आणि बदकांकडे पळाली.

फोन मुलीने घेतला. वाऱ्याने केस तोंडावर येत होते, तशी ती हुबेहूब तिच्या आईसारखी दिसते. "बोल ना बाबा."

"घे," मी म्हटलं.

"नक्की? पाणी?"

"पाणी नाही येणार. एक पंप बंद पडला तर दुसरा असणारच. मी सांगतो ना. निवांत झोप."

 जावयाने मागून विचारलं, काय म्हणतायत? तिने त्याला नुसतं हाताने थांब म्हटलं. मग फोन अगदी तोंडाजवळ आणून हळूच म्हणाली, "मला वाटलेलं, तू नको म्हणशील."

तिच्या आवाजात सुटका होती की दुसरं काही, मला कळलं नाही. नंतर वाटलं, ती माझ्या नकाराचीच वाट बघत होती. आपल्याला परत यायचंय हे स्वतःच्या तोंडाने बोलावं लागू नये, म्हणून तिने प्रश्न माझ्याकडे दिला असेल. तेव्हाच विचारायला हवं होतं. ते सोडून मी म्हटलं, "पडदे लाव हां पण. सगळ्यांना घर दिसतं."

"लावीन," ती म्हणाली.

रात्री व्याह्यांना फोन केला. ते उचलल्या उचलल्या म्हणाले, "कळलं." मग आम्ही दोघं बराच वेळ फोन धरून बसलो, कोणीच ठेवला नाही. इकडे मागच्या भिंतीशी भरतीचं पाणी आलेलं ऐकू येत होतं.