टोपलीखालचं पाऊल

शेजारी अंगण सारवलं, की त्या ओल्या वासानं मी अजून दार लावून घेते.

किहीमच्या घरी मी नवी सून होते. थोरल्या दिरांचा अंगणातच खून झाला. पोलीसपाटलांनी मातीत उमटलेल्या उजव्या पावलावर टोपली पालथी घातली. "अलिबागेहून फौजदार येईस्तवर हिला हात लावू नका."

पण मयत हलवलं की जागा सारवायची, ही आमची रीत. सासूबाईंनी सांगितलं नि मी टोपली उचलली.

संध्याकाळी फौजदारांनी आमच्या गड्याला, रामाला, धरलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "वयनी, मी न्हाय केला."

रामाच्या उजव्या पायाला अंगठा नव्हता. शेणाचा हात फिरवताना त्या पावलाची पाचही बोटं मी पाहिली होती.

मी पदर पुढे ओढला नि आत गेले.