अण्णांनी सोडलेली रेकॉर्ड

अण्णा रेकॉर्ड ऐकायला बसले की घरात कप बशीत ठेवायचीही चोरी. राजारामपुरीतले हे आमचे घरमालक, वरच्या मजल्यावर एकटेच राहायचे. मूळचे कुरुंदवाडचे जैन, उभा जन्म कापडाच्या दुकानात गेलेला. आणि ऐकायचे काय, तर कुणा रशियनाने शंभरेक वर्षांपूर्वी पियानो आणि भल्यामोठ्या वाद्यवृंदासाठी बांधलेली एकच रचना. मिरजेच्या जुन्या बाजारात तिची रेकॉर्ड त्यांना मिळाली होती. वीस वर्षं तीच.

मला समोर बसवायचे आणि मधेच बोट वर करायचे. "आता बघ, पियानो गप बसतोय. बासरीला बोलू देतोय. एवढा मोठा असून." रेकॉर्ड भर मैफलीत केलेली, तिच्यात कुणी श्रोता खोकलेलाही त्यांना पाठ होता. "मेला असंल आता तो बाबा. खोकला तेवढा ऱ्हायला."

दर चातुर्मासात आवडीची एक गोष्ट सोडायचा त्यांचा नेम. कधी गूळ, कधी चहा. गेल्या वर्षी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुनी महाराजांपुढे हात जोडून त्यांनी चार महिन्यांसाठी रेकॉर्डच सोडली. पुढं श्रावणात ऐकू कमी येतंय म्हणाले, म्हणून मी त्यांना स्कूटरवरून डॉक्टरकडे नेलं. नसा सुकत चालल्यात, दोन-तीन महिन्यांत बरंचसं जाईल, ऐकायचं ते आत्ताच ऐकून घ्या, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

मी भांड भांड भांडले. "अण्णा, देवाला काय करायचंय तुमच्या रेकॉर्डचं?"

"देवाला न्हाय गं. मी बोललोय की."

काय म्हणावं या हट्टाला? माझं डोकंच फिरलं. एका दुपारी मोबाइलवर तीच रचना शोधली आणि गॅलरीत स्पीकर ठेवून मोठ्यानं लावली. वरची खिडकी धाडकन बंद झाली. म्हणजे अजून ऐकू येत होतं त्यांना. मला रडूच आलं. पुढं आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी जिन्यातून हाक मारली. इस्त्रीचा सदरा घातला होता, कानात ऐकायचं नवं मशीन होतं. सुई मलाच ठेवायला सांगितली आणि डोळे मिटून बसले. मी सुई ठेवली, आवाज पुरा वाढवला. पियानोचे ते जड ठोके सुरू झाले, मग सगळी व्हायोलिनं एकदम उसळली. खालचा दुकानदार रस्त्यावर येऊन वर बघायला लागला.

अण्णांचे डोळे मिटलेलेच होते.

"लाव की गं," ते म्हणाले. "आता कशाला थांबतीस?"