नऊ हात झेंडूची माळ

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी माझा मलाच राग येतो, मग हसू येतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरला सदर भागात फौजदार होतो. अंगावरची वर्दी नवी होती आणि डोक्यातली अक्कल त्याहून नवी.

एक साठीचा अमेरिकन पाहुणा मोटारसायकलवरून जग पाहत नागपुरात पोचला होता. असलं वाहन आमच्या गावाने पाहिलं नव्हतं. समोर छातीएवढी काच, मागे दोन्ही बाजूंना पेट्या, कोचासारखी ऐसपैस सीट. वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. आडवी झाली तर उभी करायला तीन गडी लागायचे. सदरच्या चौकात ती उभी राहिली की पानठेल्यावरचे लोक पान विसरून तिच्याभोवती गोळा व्हायचे.

इंजिन अडखळू लागलं म्हणून पाहुण्याने ती एका मिस्त्रीकडे दिली. दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात निघालेल्या अमेरिकन फटफट्या या मिस्त्रीने तरुणपणी कामठीला हाताळल्या होत्या, त्यामुळे हे काम दुसऱ्या कोणाचं नव्हतंच. गाडी गॅरेजच्या दारातून आत जाईना, म्हणून ती अंगणातच उभी असे. एका दुपारी मिस्त्री घरी जेवायला गेला आणि परत येतो तो अंगण रिकामं.

शेजाऱ्यांनी सगळं डोळ्यांदेखत पाहिलं होतं. पाच-सहा माणसं छोटा ट्रक घेऊन आली, "मिस्त्रीनं मोठ्या वर्कशॉपात न्यायला सांगितलं," म्हणाली आणि फळ्या लावून गाडी चढवून घेऊन गेली. एका शेजाऱ्याने तर वर हातभारही लावला होता!

मिस्त्रीचं नाव घेऊनच गाडी गेली, तेव्हा माझा संशय सरळ मिस्त्रीवर. त्याला रोज ठाण्यात हजेरीला बोलवायचं, तासन्‌तास बाकावर बसवायचं आणि तेच तेच प्रश्न विचारायचे, असा माझा क्रम सुरू झाला. तो दर वेळी एकच उत्तर द्यायचा.

"साहेब, कारबोरेटर मी साफ कराले काढलं होतं. ते अजून माह्या टेबलावर पडून आहे. त्याच्याबिगर ते गाडी चालत नाही. मले विकाचीच असती, त ते काहून काढून ठेवलं असतं?"

"तेच तर," मी टेबलावर हात आपटून म्हणायचो, "संशय येऊ नये म्हणूनच ठेवलंस!"

आज हे लिहितानाही कान गरम होतात. गावाला मात्र माझंच खरं वाटलं. आठवड्याभरात लोकांनी त्याच्याकडच्या आपापल्या स्कूटर उचलून नेल्या. ज्याच्या अंगणात दसऱ्याला पूजेच्या गाड्यांची रांग लागायची, त्याच्याकडे त्या वर्षी एक सायकलही उरली नाही. वरिष्ठांनी मला बजावलं होतं, "दसऱ्याचा बंदोबस्त संपला की अटक दाखवा."

दसऱ्याच्या सकाळी ठाण्यातल्या शस्त्रपूजेसाठी आणि जीपसाठी माळा घ्यायला मी जमादारांना घेऊन बाजारात गेलो. नेहमीची फुलवाली कोपरापासून बोटांपर्यंत माळ मोजायची. कोणत्या वाहनाला किती हात लागते, ते तिला पाठ होतं.

"जीपले सात हात द्या," जमादार म्हणाले.

"देतो नं. पण तुमच्यापेक्षा त्या कामठीच्या ठेकेदाराची फटफटी मोठी झाली जी! आता सकाळीच तीन ट्रकच्या माळा नेल्या, अन् वरून मोटारसायकलले नऊ हात मागत होता. मी म्हटलं, काहून जी, मोटारसायकल आहे का हत्ती? त म्हणे, समोरच्या काचेवरून घेऊन मागच्या पेट्याइले गुंडाळाची आहे."

मी आणि जमादारांनी एकमेकांकडे पाहिलं. शस्त्रपूजा तशीच सोडून आम्ही जीप कामठीकडे काढली.

ठेकेदार झब्बा घालून ओट्यावर बसला होता. मी गाडीचं नावच काढलं नाही.

"पूजा झाली का गाड्यांची?"

"झाली नं साहेब. तीन ट्रक आहेत आपले."

"मग माळा चार काहून?"

त्याचा चेहरा पडला. आधी म्हणाला, चौथी देवाला. देवघरात नव्हती. मग म्हणाला, मेहुण्याला. मेहुणा शेजारीच उभा होता. त्याने नकळत मान हलवून नाही म्हटलं. पंचांसमक्ष घरामागची बंद पडलेली हातमागाची शेड उघडायला लावली. आत, धूळ खात पडलेल्या मागांच्या मधोमध, ती गाडी धुऊनपुसून उभी होती. कुंकवाचा टिळा, फोडलेला नारळ आणि नऊ हात झेंडू! इंजिनचा नंबर पाहुण्याच्या कागदांशी जुळला. पाहुण्याने विकायला नकार दिला म्हणून हौसेपायी उचलली, असं ठेकेदाराने कबूल केलं.

"अरे, लपवलेल्या गाडीची पूजा कोण करते?" जमादारांना राहवेना.

ठेकेदार मनापासून म्हणाला, "साहेब, दसऱ्याच्या दिवशी गाडी बिनपूजेची कशी ठेवाची?"

गाडी ट्रकवर चढवून ठाण्यात आणली आणि मिस्त्रीला निरोप धाडला. बिचारा कपड्यांची पिशवी घेऊनच आला. त्याला वाटलं, अटक. अंगणातली गाडी दिसली तसा तो तिथेच मट्‌कन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. गॅरेजमधून कारबोरेटर आणवून त्याने ते पंधरा मिनिटांत बसवलं आणि गाडी अशी गरजली की कोठडीतले लोकही टाळ्या वाजवू लागले.

मुद्देमालावर बसून फिरणं नियमात बसत नाही. तरी मी मिस्त्रीला गाडी चालवायला लावली, पाहुण्याची परवानगी घेतली आणि वर्दीत मागे बसलो. स्टेशन डायरीत 'वाहन चालू स्थितीत असल्याची खात्री केली' असं लिहिलं. अख्ख्या सदरमधून सावकाश फेरी मारली. लोक दुकानांतून बाहेर आले. गॅरेजसमोर उतरून मी त्याच्या हातावर आपट्याची पानं ठेवली, सगळ्यांना ऐकू जाईल असं "चूक माझी होती" म्हटलं आणि वाकून पाया पडलो.

"वर्दीत नका वाकू जी साहेब," तो कळवळून म्हणाला.

पुढे पुष्कळ तपास केले. खरं बोलणारा माणूस रोज तेच सांगतो, म्हणून आपल्याला त्याचा कंटाळा येतो. खोटारडा दर वेळी नवीन काढतो आणि आपण कान टवकारतो. प्रशिक्षणात हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी ते एका मिस्त्रीच्या दारात, भर रस्त्यात वाकून शिकलो, आणि त्या वाकण्याची मला आजवर कधी लाज वाटली नाही.