काडीपैलवानाची आंघोळ

काडीचं खरं नाव त्याच्या पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. लहानपणी एका काकांनी त्याच्या फासळ्या मोजता मोजता त्याला काडीपैलवान म्हटलं, आणि काकांनी ठेवलेलं नाव जन्माला पुरतं. पुढे घरात त्याचं नुसतं काडी झालं. काडी शिकला, शहाणा झाला, मोठ्या शहरात नोकरीला लागला. अंगावर मात्र मूठभर मांस चढलं नाही.

त्याची कंपनी घरोघरी फर्निचर पोचवायची. म्हणजे कपाट पोचायचं, दार राहायचं. पलंग यायचा, त्याचा चौथा पाय वाटेत कुठेतरी उतरायचा. गिऱ्हाईक संतापून लिहायचं आणि त्याला उत्तर देणं हे काडीचं काम. त्यासाठी त्याने दिलगिरीचे तीन प्रकार तयार ठेवले होते. ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हा सौम्य. त्याचा अर्थ, आता काहीही होणार नाही. ‘मनापासून दिलगीर’ हा मध्यम. म्हणजे होईल, पण तुम्ही नाद सोडल्यावर. ‘अत्यंत दिलगीर’ हा कडक, तो गिऱ्हाईक वकील असेल तरच बाहेर काढायचा. साहेब म्हणायचे, "तुझं उत्तर वाचलं की माणूस उलट आपलीच माफी मागतो!" काडीला हे कौतुक वाटायचं, आणि साहेबांनाही ते कौतुकच वाटायचं.

राहायला त्याची शेवटच्या मजल्यावर एक खोली होती. "हवेशीर आहे, उजेड भरपूर," असं त्याने आईला फोनवर सांगितलं होतं. दोन्ही खरं होतं, कारण खिडकी नीट लागत नव्हती. पाण्याचं मात्र त्याने सांगितलं नव्हतं. खालच्या मजल्यांवर सगळ्यांची हौस फिटल्यावर जे उरेल ते पाणी वर यायचं. गरम नळ सोडला की तो आधी खोकायचा, मग करंगळीएवढी धार धरायचा, आणि ती धार कोमट व्हायला लागली की बंद पडायचा. घरमालकीणबाईंकडे जावं तर त्या म्हणायच्या, "एकट्या माणसाला किती लागतं हो पाणी? त्यात तुमचं अंग ते केवढं!" काडी निमूट वर यायचा आणि कावळ्याची आंघोळ उरकायचा. आईला हे कळलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी बादली घेऊन हजर झाली असती, किंवा त्याहून वाईट म्हणजे रडली असती. आपल्या मुलाचं शहरात कसं छान चाललंय हे तिने साऱ्या नात्यागोत्यात सांगून ठेवलं होतं.

अशात ऑफिसशेजारच्या इमारतीत एक जिम उघडली. पहिला दिवस फुकट होता, आणि फुकट म्हटल्यावर काडी ऑफिस सुटल्यासुटल्या गेला. तो ट्रेडमिलवर चढला. पट्टा सुरू झाला आणि काडी मागच्या मागे खाली आला. ट्रेनरने त्याला उचलून उभं केलं आणि "जरा फ्रेश होऊन या" म्हणून मागच्या न्हाणीघराकडे पाठवलं. तिथे काडीचं नशीब उघडलं. पांढऱ्याशुभ्र फरशा, परातीएवढा शॉवर, आणि नळ फिरवल्याबरोबर खांद्यांवर गरम पाण्याचा असा मारा, की आपल्याला खांदे आहेत हे त्याला पहिल्यांदाच कळलं. तो डोळे मिटून उभा राहिला. बिनदाराची कपाटंवाले, तीन पायांचे पलंगवाले, सगळे पाण्याबरोबर जाळीतून खाली गेले. बाहेर येऊन त्याने वर्षाची फी भरली. केसही पुसायचे राहिले होते.

मग तो नेमच झाला. ऑफिस सुटलं की जिम गाठायची, दारातल्या यंत्रावर बोट टेकवायचं, गळ्यात टॉवेल टाकायचा आणि काहीतरी फार अवघड संपवून आल्यासारखा चेहरा करून वजनं उचलणाऱ्यांमधून सरळ मागे जायचं. मनसोक्त आंघोळ करायची, सोबतीला एखाददुसरं गाणं. बाहेर येताना केस ओले, चेहरा लाल, अंग सैल. व्यायामाचे आणि आंघोळीचे पुरावे किती सारखे असतात याचा विचार आजवर कोणी केलेला दिसत नाही. कोणाला संशय यायचाही प्रश्न नव्हता, कारण तिथल्या चारी भिंतींना आरसे होते आणि जो तो स्वतःकडे बघण्यात गुंग होता. ट्रेनर तर आपल्याच दंडाकडे बघत दुसऱ्यांना शिकवायचा.

तिथून घरी चालत जाताना आईचा फोन यायचा.

"झाला का व्यायाम?"

"झाला."

"दमला नाहीस ना?"

"छे!"

"अगं बाई, आवाज किती ताजातवाना येतोय!"

आईला आनंद मावायचा नाही. नाव ठेवणाऱ्या काकांना तिने मुद्दाम फोन करून ही बातमी दिली. काडीला कधीकधी मनात टोचायचं. पण दुसऱ्या दिवशी शॉवरखाली उभं राहिलं की ते टोचणंही वाहून जायचं.

जिमला वर्ष झालं तेव्हा मालकांनी समारंभ करायचं ठरवलं आणि यंत्रातून सगळ्यांची हजेरी काढली. बाकीच्यांचा उत्साह फी भरण्यातच संपला होता. वर्षभर एकही दिवस न चुकवणारा सभासद एकच निघाला, काडी. ट्रेनरने त्याला वरून खालपर्यंत पाहिलं आणि क्षणभर तो गडबडला. पण माणूस कसलेला होता.

"सर, याला मीच घडवलाय," तो मालकांना म्हणाला. "आधी बघायला हवा होता तुम्ही!"

समारंभाला सगळे सभासद जमले. वर्षभर न दिसलेलेही आले, कारण नंतर खाणं होतं. मालकांनी काडीच्या हातात चषक दिला. चषकावर एक पितळी माणूस होता आणि त्याचा एक दंड काडीच्या दोन मांड्यांएवढा होता. मग मालकांनी माइक तोंडाजवळ धरला.

"अशा मेहनती लोकांसाठी आपण काहीतरी केलं पाहिजे. म्हणून मी आज जाहीर करतो, मागचं न्हाणीघर पाडून तिथे नव्या सायकली बसवणार! आंघोळ काय हो, घरोघरी होतेच."

टाळ्या पडल्या. काडीच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. मालकांनी माइक त्याच्यापुढे केला, "बोला दोन शब्द." गप्प बसावं तर अब्रू राहते आणि शॉवर जातो. बोलावं तर शॉवर कदाचित राहील, अब्रू नक्की जाईल, आणि फिरत फिरत ही गोष्ट आईच्या कानावर गेली तर? पण डोळ्यांपुढे ती करंगळीएवढी धार आली आणि काडीने माइक घट्ट धरला. तीन प्रकारच्या दिलगिऱ्या लिहिणारा हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच आडपडदा न ठेवता बोलला.

"खरं सांगतो, मी इथे व्यायाम केलेला नाही. पहिल्या दिवशी पडलो तेवढाच. मी इथे फक्त आंघोळीला येतो. कृपा करून न्हाणीघर पाडू नका."

मग मालकांनी डोळे टिपले.

"ऐकलंत? याला म्हणतात विनय!"

"हेच मी सांगत असतो," ट्रेनर आरशात बघत म्हणाला. "व्यायाम असा करा, की तो व्यायाम वाटताच कामा नये. आंघोळीसारखा झाला पाहिजे."

"त्यांना आतली स्वच्छता म्हणायचीय," पुढच्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या.

"अहो, नाही हो! साबण लावून!" काडी कळवळून ओरडला.

यावर तर सगळं सभागृह उठून उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी दारात काडीचा मोठा फोटो लागला आणि खाली ठळक अक्षरांत, ‘मी इथे फक्त आंघोळीला येतो.’ आता एवढं वाक्य दारात लावल्यावर न्हाणीघर पाडता येईना. अब्रूही राहिली, शॉवरही राहिला, अगदी सोन्याहून पिवळं. चषक त्याने आईला कुरियरने पाठवून दिला.

पण लोकांनी ते वाक्य मनावर घेतलं. ट्रेनरने ‘आधी स्नान, मग व्यायाम’ अशी नवी पद्धत काढली आणि तिची वेगळी फी लावली. एरवी सुट्टीच्या दिवशी आंघोळीची गोळी घेणारे लोक टॉवेल घेऊन न्हाणीघरापुढे रांगेत उभे राहू लागले. काडीचा नंबर लागेपर्यंत गरम पाणी संपायचं. शेवटी त्याने, रोज दुसऱ्यांच्या तक्रारी निस्तरणाऱ्याने, स्वतः एक तक्रार लिहून पाठवली. उत्तर लगेच आलं. ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ सौम्य. त्याचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तीन पायांच्या पलंगावर झोपणाऱ्यांची त्याला त्या दिवशी प्रथमच मनापासून दया आली.

त्याच संध्याकाळी रांग फारच लांब होती. उभं राहून कंटाळा आला म्हणून काडी शेजारच्या ट्रेडमिलवर चढला. या वेळी पडला नाही. चालला, मग जरा पळाला, घामाने निथळला. वर्षात पहिल्यांदाच त्याला आंघोळीची खरोखर गरज होती, आणि नंबर लागला तेव्हा शॉवरमधून बर्फासारखं पाणी आलं. तो तसाच घामट अंगाने घरी निघाला. वाटेत आईचा फोन आला.

"झाला का व्यायाम?"

"झाला," काडी धापा टाकत म्हणाला.

"अरे, दम किती लागलाय तुला! बरं नाहीये का? वर्षभरात कधी असा आवाज नाही आला तुझा."

खोटं बोलायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. "आई, व्यायाम आज पहिल्यांदाच केला."

"मग इतके दिवस काय करत होतास तिथे?"

"आंघोळ."

काडीला वाटलं, आता हीसुद्धा म्हणणार, किती बाई विनयी माझं लेकरू!

"तुझ्या खोलीवर पाणी येत नाही का रे?" आईने विचारलं.

काडी रस्त्याच्या कडेला थांबला. भरल्या सभेत, माइकवरून सांगितलं होतं त्याने, आणि एवढ्या माणसांतल्या एकालाही हे विचारावंसं वाटलं नव्हतं.

"नाही येत," तो म्हणाला.

"या सुट्टीला घरी ये. पाणी तापवून ठेवते, दोन बादल्या. घे सावकाश."

"आणि तो चषक गं?"

आईने जरा विचार केला. "तो असू दे कपाटावर," ती म्हणाली. "काकांना दाखवून झालाय."