नवव्या गल्लीचं पाणी

"तो बाण काढ," अक्षदा म्हणाली.

मिहिरनं मान वर केली नाही. "बाण राहणार. बारा जणांना गेम दिला, त्यातले नऊ जण नवव्या गल्लीत सोडून गेले. अजून काय पुरावा पाहिजे तुला?"

पडेगावात मिहिरच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली होती. पूर्वी तिथं मोडकी सायकल आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्या असत. आता दोन कॉम्प्युटर होते आणि भिंतीवर खडूनं काढलेले पाइपांचे नकाशे. २०१९ चा मे चालू होता. पत्रा असा तापायचा, की कॉम्प्युटरच्या मागं ओलं पोतं टांगावं लागे. ते भिजवायलाही मिहिरची आई, उमाकाकू, भाजी धुतलेलं पाणीच द्यायच्या. नळाला आठव्या दिवशी पाणी येत होतं, ताजं कोण देणार?

कॉलेजात एका बाकावर बसलेली ही दोघं दीड वर्षापासून फोनवरचा एक गेम बनवत होती. नाव 'पाणीपाळी'. वर पाण्याची टाकी, खाली गल्ल्या आणि मधे व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हवर एकदा बोट टेकवलं की तो उघडायचा, पुन्हा टेकवलं की बंद व्हायचा. सगळे एकदम उघडले तर दाब पडायचा आणि कुणालाच काही मिळायचं नाही. क्रम लावून, थांबून-थांबून पाणी पुढं न्यायचं. चौदा गल्ल्या ठरल्या होत्या, नऊ झाल्या होत्या. नवव्या गल्लीत अकरा व्हॉल्व्ह होते आणि अगदी टोकाला हंडा घेऊन एक बाई उभी होती. तिचा हंडा भरला की कोडं सुटलं.

कोडी अक्षदाची होती. पाणी मिहिरचं होतं. मिहिरनं ते असं बनवलं होतं की एकेक थेंब वेगळा वाहायचा, उन्हात चमकायचा, भिंतीवर आपटून फुटायचा. पुण्याच्या एका गेम कंपनीनं पहिल्या नऊ गल्ल्या शुक्रवारपर्यंत मागवल्या होत्या. पसंत पडलं तर पुढचं काम त्यांच्या सोबतीनं व्हायचं. म्हणून मिहिरनं नवव्या गल्लीत एक पिवळा बाण टाकला होता. आता कुठला व्हॉल्व्ह उघडायचा ते तो बाण दाखवायचा.

"मग खेळायचं काय?" अक्षदा म्हणाली. "बाण सांगेल तिथं बोट टेकवायचं? त्यापेक्षा जिना चढणं बरं, तिथं निदान पाय दुखतात."

"अगं, लोकांना जमत नाहीये!"

"लोकांच्या फोनला जमत नाहीये. तुझे थेंब जड झालेत. माझ्याच फोनवर बघ की, नववी गल्ली उघडली की चित्र अडखळतं."

"अडखळू दे. ही काय गाड्यांची शर्यत आहे? कोडं आहे. डोकं चालायला फोन पळावा लागत नाही. आणि थेंब काढले तर पुण्याची माणसं बघतील काय, तुझी खडूची रेघ?"

"ज्या तिघांना सुटलं त्यांचे फोन नवे होते."

"ती तिघं इंजिनिअरिंगची होती. बाकीचे चहाच्या टपरीवरचे."

हे तिला लागलं. फोन सावकाश चालला म्हणून कोडं का सुटू नये, हे तिलाही सांगता येत नव्हतं. बाण चुकीचा आहे एवढंच तिला पक्कं ठाऊक होतं. मिहिर वाईट नव्हता, घाबरला होता. "बुधवारपर्यंत काहीतरी दाखव," तो म्हणाला, "नाहीतर बाण जाईल पुण्याला."

त्या दिवशी सोमवार होता.

ती नववी गल्ली अक्षदानं मनानं रचलेली नव्हती. तिचे वडील मल्हारी करमाडचे. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. अक्षदा पाच-सहा वर्षांची असताना ओळीनं दोन पावसाळे कोरडे गेले, चारा संपला, मेंढरं बाजारात गेली आणि मल्हारी बायको-पोरीला घेऊन शहरात आला. दोन वर्षं मिळेल ती मजुरी केली, मग ठेकेदाराच्या हाताखाली व्हॉल्व्हमन झाला. उंचीला छातीएवढी लोखंडी चावी सायकलला बांधायची, रस्त्यातलं झाकण उचलायचं, खाली चावी बसवून मोजून आटे फिरवायचे, की एका गल्लीचं पाणी सुरू आणि दुसरीचं बंद. शहर वाढत गेलं. जवारीच्या रानात प्लॉट पडले, प्लॉटवर चार मजली इमारती आल्या, मल्हारीच्या नऊ गल्ल्यांच्या तेवीस झाल्या. टाकी तेवढीच राहिली. अक्षदा शाळेला सुट्टी असली की त्याच्या सायकलवर पुढं बसून जायची. टोकाच्या गल्लीतल्या बायका त्याला शिव्या द्यायच्या आणि चहाही द्यायच्या. तीच गल्ली तिनं गेममध्ये उतरवली होती. वडिलांना मात्र तिनं कधी दाखवली नव्हती. सोळा वर्षांच्या कामाचा पोरीनं खेळ केला म्हणतील, याची तिला भीती होती.

मंगळवारी सकाळी मल्हारी पहिली फेरी करून आला. आई म्हाळसाबाई चुलीजवळ भाकरी थापत होती. अक्षदानं वडिलांचाच फोन घेतला. तो फोन आधी तिचा होता, काचेला तडा गेल्यावर त्यांच्याकडं आला होता. तिनं त्यात बाण नसलेला गेम टाकला, नववी गल्ली उघडली आणि एका दमात सांगून टाकलं, "अण्णा, हे मी बनवलंय. खेळून बघा. बोट टेकवलं की व्हॉल्व्ह उघडतो, परत टेकवलं की बंद."

मल्हारीनं चष्मा चढवला. टाकीपासून टोकापर्यंत पाइपावरून नजर फिरवली. मग म्हणाला, "ही टाकी हाय व्हय?"

"हो."

"आन ही बाई? टोकाच्या गल्लीतल्या गोजरबाईसारखी दिसायली. तशीच कमरंवर हात."

"तीच आहे," अक्षदा हळूच म्हणाली.

"तिला कळू देऊ नको. लई बोलंल." म्हाळसाबाई चुलीजवळूनच हसली.

मल्हारीनं खालच्या अंगाचा पहिला व्हॉल्व्ह दाबला आणि फोन मांडीवर ठेवून दिला. अक्षदा म्हणाली, "अण्णा, खेळा ना."

"थांब की माय. आत्ताच तर उघडलाय."

जरा वेळानं त्यानं फोन उचलला. डोळ्यांसमोर न धरता सरळ कानाला लावला. रस्त्यावर तो चावीचं वरचं टोक असंच कानाला लावायचा. खाली पाणी चढलं की लोखंडातून बारीक घरघर ऐकू येते. गेममध्येही पाणी पाइपात भरलं की मिहिरनं घातलेली खळखळ वाजायची. ती वाजली तेव्हा मल्हारीनं दुसरा व्हॉल्व्ह दाबला. पुन्हा मांडी. पुन्हा कान. तिसरा उघडून झाल्यावर त्यानं पहिला बंद केला. एकदा क्रम चुकला, वरची गल्ली कोरडी पडली, तेव्हा त्यानं "हात् तिच्या" म्हणून मागं जाऊन दुरुस्त केला. भाकऱ्या होऊन गेल्या. म्हाळसाबाईनं दोनदा ताट वाढू का म्हणून विचारलं. शेवटी बाईचा हंडा भरला आणि ती हसली.

"आलं पाणी," मल्हारी म्हणाला. "चांगलं केलंयस. आन एक गोष्ट लई खरी केलीस बघ."

"कुठली?"

"चावी फिरवली की लगेच काय व्हत नाय. जरा दम खावा लागतो. नव्या पोरांना तेच कळत नाय. फिरवतेत, पाणी दिसलं नाय की उलटी फिरवतेत. तू ते बरोबर घेतलंयस."

अक्षदानं असं काही घेतलं नव्हतं. व्हॉल्व्हचं चाक बोट टेकवताच फिरायला हवं होतं. तिनं फोन घेतला, एका व्हॉल्व्हवर बोट टेकवलं आणि मनात मोजलं. एक. दोन. मग चाक हललं.

दोन क्षण! जड थेंबांच्या ओझ्याखाली फोन बोटाची खबरही उशिरा देत होता. चाक हललं नाही म्हणून माणूस पुन्हा बोट टेकवणार, आणि दुसऱ्या टेकवण्यानं उघडलेला व्हॉल्व्ह बंद होणार. लोक कोडं बरोबर सोडवत होते आणि आपल्याच बोटानं मोडत होते. मल्हारीला तो बिघाड वाटलाच नाही, कारण सोळा वर्षं लोखंडी व्हॉल्व्ह त्याच्याशी असाच वागत आला होता.

"अण्णा, तुमचा फोन आज मला द्या."

"आन मला टाकीवरून फोन आला तर?"

"माझा घ्या. तुमचं सिम त्यात घालून देते."

पत्र्याच्या खोलीत तिनं मिहिरसमोर तो तडा गेलेला फोन ठेवला. "नववी सोडव."

"मीच बनवलाय गं तो गेम."

"म्हणूनच सोडव. बाण काढून टाकलाय त्यातून."

मिहिरनं हसत सुरुवात केली. एक मिनिटानं हसू गेलं. तीन मिनिटांनी तो फोन हलवायला लागला, जणू आत पाणी अडकलं होतं. उमाकाकू ताकाचे पेले घेऊन आल्या होत्या, त्या दारातच उभ्या राहून बघत होत्या.

"हा उघडतच नाही!"

"उघडतोय. तू बंद करतोयस."

"मी कुठं बंद..." आणि त्याचं बोट हवेतच थांबलं. त्यानं ते सावकाश खाली टेकवलं, उचललं आणि थांबला. चाक फिरलं. "मी दोनदा दाबत होतो," तो म्हणाला.

"नऊ जणांनी तेच केलं. अण्णांना मात्र सुटलं. याच फोनवर, बाण नसताना. त्यांनी कुठलं इंजिनिअरिंग केलंय?"

मिहिरनं ताक एका घोटात संपवलं. थेंबांचा त्याला खरोखर लळा होता; चार महिने गेले होते त्यात. पण त्यानं वाद घातला नाही. "किती थेंब ठेवू?" एवढंच विचारलं.

"एकतृतीयांश. आणि बोट टेकवलं की चाक तिथल्या तिथं फिरलं पाहिजे, फोन कितीही रडका असो. ते फिरत असताना दुसरं बोट मोजायचं नाही."

"आणि पाणी?"

"पाणी सावकाशच येऊ दे. मुद्दाम. चाक लगेच फिरेल, पाण्याला वेळ लागेल. खरं तसंच असतं."

बुधवारी आणि गुरुवारी दुपारपर्यंत दोघं पत्र्याखालून हलली नाहीत. मिहिर थेंब कमी करायचा, हळहळायचा, आणखी कमी करायचा. गुरुवारी संध्याकाळी अक्षदा मल्हारीचाच फोन घेऊन मिहिरसोबत चहाच्या टपरीवर गेली. सोडून गेलेल्या नऊ जणांपैकी पाच जण सापडले. टपरीवाला बन्सी त्यातलाच. "पुन्हा तेच का?" म्हणत त्यानं हात पुसले. खेळता-खेळता त्याचं दूध उतू गेलं, पण बाईचा हंडा भरला. चौघांना सुटलं. पाचव्याला नाही सुटलं. मिहिरनं तिच्याकडं बघितलं.

"एकाला नाही सुटलं," ती म्हणाली. "राहू दे. उद्या पुन्हा प्रयत्न करील."

शुक्रवारी गेम पुण्याला गेला, बाणाशिवाय.

पुढच्या आठवड्यात उत्तर आलं. एका बाईंनी लिहिलं होतं: पाणी सुंदर आहे, पहिल्या आठ गल्ल्या आवडल्या, नववी मात्र फार अवघड वाटते, तिथं एखादा इशारा देता येईल का? वाचून अक्षदाचा चेहरा उतरला. सगळं पुन्हा पहिल्यापासून. बाणाला हो म्हटलं तर बाकीचा गेम तरेल, हे तिलाही कळत होतं. तिनं "नाही" लिहायला बोटं कळफलकावर ठेवली, तोच मिहिरनं कॉम्प्युटर आपल्याकडं ओढला.

"तू भांडशील," तो म्हणाला, आणि लिहिलं: 'इशारा देणार नाही. व्हॉल्व्ह लगेच उघडतो, पाणी मागून येतं. नववी सोडवलेल्या एका माणसाचा नंबर देतो. ते दुपारी तीनपर्यंत कामावर असतात, तरी फोन उचलतील.' खाली मल्हारीचा नंबर.

"अरे, वेडा आहेस का? ते रस्त्यावर चावी फिरवत असतात!"

"मग बरंच आहे की."

त्या दिवशी तिचं कामात लक्ष लागलं नाही. चारच्या सुमाराला पुण्याहून दोन ओळी आल्या: 'जमलं. नववी आहे तशीच ठेवा. दहावी कधी दाखवताय?' मिहिरनं टेबलावर थाप मारली. ओलं पोतं खाली पडलं.

अक्षदा घरी गेली तेव्हा मल्हारी ओट्यावर बसून पायाचा चिखल खरवडत होता.

"अण्णा, आज कुणाचा फोन आला होता?"

"आल्ता की. पुण्याच्या कोण बाई व्हत्या. माझा हात चावीवर. म्हणल्या, काका, टोकाच्या गल्लीला पाणी येईना. मी म्हणलं, बाई, किती उघडले? म्हणल्या, सगळे. म्हणलं, सगळे बंद करा आदी. खालून सुरू करा. एक उघडला की दम धरा, कान लावा, आवाज आला की मंगच पुढला. मी इकडं चावी फिरवायलो, त्या तिकडं फिरवायल्या." तो थांबून हसला. "जरा येळानं वरडल्याच. काका, आलं, आलं पाणी."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हणलं, आलंय तर भरून घ्या पटापटा. आता आठ दिवस नाय."